पहिल्या पंगतीचा मान

"उतरा, मावशी. आता पुन्हा चढा," रोहिणी म्हणाली. हे ती दुसऱ्यांदा सांगत होती.

माझ्या सासूबाई तिसऱ्यांदा वजनकाट्यावर चढल्या. आधार नको म्हणून त्यांनी दोन्ही हातांत पदर धरला होता. काट्यावरचे आकडे थोडे नाचले आणि पहिल्या दोन वेळांसारखेच थांबले. चौतीस किलो.

"तुझा काटा बिघडलाय," मी म्हणाले.

"नवा आहे, ताई. कालच तपासून आणलाय."

"नवा असला म्हणून काय झालं?" असं म्हणत मी चपला काढल्या आणि स्वतःच काट्यावर उभी राहिले. एकाहत्तर. तेवढंच माझं वजन होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. जेवणघरातल्या बाकांवर आपापल्या पाळीची वाट बघत बसलेल्या मंडळींत हशा पिकला.

"काटा बरोबर हाय, शालनताई," आप्पा कणसे तिकडून ओरडले. "दोघींची बेरीज करा न् दोनानं भागा. सासू-सुना दोघीबी ठणठणीत निघतील."

मी सोडून सगळे हसले. सासूबाईसुद्धा हसल्या.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोरेगावजवळच्या एका वृद्धाश्रमाची मी व्यवस्थापक होते. त्याआधी वीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, त्यामुळे माणसांना वळण लावण्याची खोड माझ्या अंगात मुरलेली. आश्रमात त्रेचाळीस जण होते आणि त्यातल्याच एक माझ्या सासूबाई, भागीरथी बर्गे. आमच्यात सासूला आत्या म्हणतात. माझे मालक गेल्यावर मुलगा चाकणला कंपनीत लागला, त्याच्या दोन खोल्यांत चार माणसं. मला आश्रमात राहायला एक खोली होती, तीत एकच खाट मावायची. आत्याच म्हणाल्या, "मी बायकांत ऱ्हाईन की. बोलायला हुतील." म्हणून रीतसर अर्ज भरून त्या बायकांच्या दालनात राहायला आल्या. नात्यातल्या चार जणांनी नाकं मुरडली. सून व्यवस्थापक आणि सासू आश्रमात! मी मनावर घेतलं नाही, म्हणजे घेतलं नाही असं दाखवलं.

रोहिणी कुलथे ही आहारशास्त्र शिकलेली पोरगी, पंचविशीची. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या पाहणीसाठी ती जिल्ह्यातले वृद्धाश्रम फिरत होती. म्हाताऱ्या माणसांना पुरेसं पोषण मिळतं का, हे बघायचं तिचं काम. एक काटा, एक मोजपट्टी आणि सहा प्रश्नांचा कागद, एवढीच तिची आयुधं. कुपोषण हा शब्द मी तोवर लहान पोरांच्या बाबतीतच ऐकला होता. ती ट्रस्टींचं पत्र घेऊन आली तेव्हाच माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. माझ्या आश्रमात कुपोषण शोधायला आलीस? शोध बाई, शोध.

तिनं आत्यांच्या पोटरीभोवती मोजपट्टी गुंडाळली. सव्वीस सेंटिमीटर. "एकतीस तरी हवी होती," असं स्वतःशीच म्हणत तिनं कागद पुढं ओढला.

"मावशी, गेल्या तीन महिन्यांत जेवण कमी झालंय का?"

"न्हाई बया. रोजच्यासारखं."

"भूक लागत नाही, गिळायला त्रास होतो, असं काही?"

"पोट भरतं माझं," आत्या म्हणाल्या.

रोहिणीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "त्यांचं ताट रोज मी डोळ्यांनी बघते. पानात कण टाकत नाहीत. इथं कुणीच टाकत नाही."

"म्हणजे जेवण कमी नाही. त्याचे पूर्ण दोन गुण," असं म्हणून तिनं खूण केली. शेवटी बेरीज नऊ आली. बारा आणि वर असली तर माणूस ठीक, आठ ते अकरा म्हणजे धोका, सात आणि खाली म्हणजे कुपोषित, असं तिनं समजावलं. दिवसभरात तिनं सगळ्यांना तपासलं. चौदा जण धोक्यात निघाले. त्यांत सर्वांत कमी वजन माझ्या सासूचं.

"आश्रमात आल्या तेव्हा शेहेचाळीस होत्या," रोहिणी जुना कागद बघत म्हणाली. "दोन वर्षांत बारा किलो. गेल्या वर्षभरात वजनच घेतलेलं नाही?"

"काटा मोडला होता."

"ताई, स्पष्ट बोलते. एवढ्या खाली गेलेल्या माणसाला साधा तापसुद्धा झेपत नाही. कारण सापडलं नाही, तर पुढचा हिवाळा त्यांना अवघड आहे."

खोटं कशाला बोलू? ते ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा आत्या आल्या नाहीत. पहिल्यांदा आलं ते हे की, गावात लोक काय म्हणतील. शालननं सासूला आश्रमात नेऊन उपाशी मारलं. आमच्या धाकट्या जाऊबाईंच्या तोंडून ते वाक्य कसं निघेल, तेसुद्धा मला ऐकू आलं. आत्या जगतील की नाही, हा विचार त्यानंतर आला. तो आला तेव्हा मात्र बाकी सगळं मागं पडलं. कारण मालकांच्या माघारी रोज नजरेसमोर असणारं, माझं म्हणावं असं माणूस तेवढंच होतं.

आता आमच्या पंगतीबद्दल सांगायला हवं. आश्रमात मला सगळ्यांत जास्त अभिमान कशाचा असेल, तर तिचा. मी आले तेव्हा इथं कुणी कधीही यायचं, ताट घेऊन खोलीत जायचं, कुणी कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून जेवायचं. एक आजोबा तर संडासाच्या दाराशी बसून जेवताना मी पाहिले. मी वसतिगृहाचा नियम लावला. दुपारी बारा आणि संध्याकाळी सात. सगळ्यांनी एकदम बसायचं, श्लोक म्हणायचा, मग पहिला घास. हवं तितकं मागून घ्या, पण घेतलेलं टाकायचं नाही. आणि शेवटच्या माणसाचा शेवटचा घास होईपर्यंत कुणी उठायचं नाही. एकट्यानं जेवायची पाळी माझ्या आश्रमात कुणावर येणार नाही, असं मी ट्रस्टींच्या सभेत सांगितलं तेव्हा अध्यक्षांनी डोळे पुसले होते.

आणि पहिल्या टेबलाच्या पहिल्या जागेवर मी आत्यांना बसवलं. त्याला कारण होतं. कुमठ्याच्या आमच्या घरात चौदा माणसं. आधी पुरुष, मग पोरं, मग आल्यागेल्या पाहुण्या, मग सुना, आणि सगळ्यांत शेवटी आत्या. चुलीपुढं बसून, पातेल्याला लागलेलं पुसून. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते बघत होते आणि मला ते सहन व्हायचं नाही. आश्रमात त्या आल्या त्या दिवशी मी त्यांना हाताला धरून पहिल्या जागेवर नेलं. "आत्या, आता तुम्ही पहिल्या पंगतीला." त्या लाजल्या होत्या.

शुक्रवारी मी त्यांना साताऱ्याला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. रक्त, साखर, थायरॉईड, छातीचा फोटो, पोटाची सोनोग्राफी, सगळं करून घेतलं. सगळं साफ. मागच्या वर्षी त्यांचं तोंड एका बाजूला जरा वाकडं झालं होतं, ते मी सांगितलं. डॉक्टरांनी हसायला, गाल फुगवायला लावलं आणि म्हणाले, "आता सरळ आहे की. अशक्तपणा राहतो थोडा. वय किती? एक्याऐंशी? मग वयाचाही भाग आहे." मला केवढं हायसं वाटलं! वयाचा भाग. त्यात माझा काय दोष?

तरी शनिवारी मी राजगिऱ्याचे सहा लाडू त्यांच्या डब्यात ठेवून आले. रविवारी विचारलं, "खाल्ले का?" तर त्या म्हणाल्या, "झ्याक हुते." शेजारच्या खाटेवरच्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "आत्यांनी आम्हा पाचजणींना एकेक दिला." मी कपाळावर हात मारला.

"तुम्ही खायचं सोडून वाटलेत?"

"पाच बाया तोंडाकडं बघत आस्ताना मी एकटीनं खाऊ व्हय? हावरट म्हंतील मला."

मग मला स्वयंपाकीण गजराबाईचा संशय आला. ती वाढताना हात आखडते की काय? तिला विचारलं, तर उलथनं आपटून म्हणाली, "म्या आखडती? अवो, म्या अर्धी भाकरी वाढाय जाती, तर आत्या ताटावर हात आडवा धरत्यात. चतकोर घाल म्हंत्यात. रोज. तुमी तिथंच हुब्या आस्ता की!"

मी तिथंच उभी असायची, हे खरं. हात मागं बांधून दोन टेबलांच्या मधून फिरायची, वसतिगृहात फिरायची तशी. पण मी बघायची ती पंगत उठताना. ताटं रिकामी आहेत का, एवढंच बघायची.

सोमवारी रोहिणी पुन्हा आली. "मी आज पंगतीला बसू का? मावशींच्या शेजारी?"

"बस की. ताट वाढते तुला."

ती बसली. श्लोक झाला. आत्यांच्या पानात चतकोर भाकरी, चमचाभर वांग्याची भाजी, वाटीच्या तळाला आमटी. रोहिणीनंही तेवढंच घेतलं. मी फिरत होते. बारा वाजून वीस मिनिटांनी पंगत उठली. आत्यांचं ताट लख्ख होतं.

हात धुऊन रोहिणी माझ्या मागोमाग ऑफिसात आली.

"ताई, मला जेवायला किती वेळ लागला, पाहिलंत?"

"सगळ्यांबरोबर उठलीस."

"चतकोर भाकरी मी चार मिनिटांत संपवते. आज मी मावशींच्या घासाबरोबर घास घेत होते. त्यांना सोळा मिनिटं लागली. एका बाजूनंच चावतात, एकेक घास चाळीसदा. गिळण्याआधी थांबतात. अख्खी भाकरी खायची, तर त्यांना तास लागेल."

"मग लागू दे. आमच्याकडं कुठं घाई आहे? शेवटच्या माणसाचं होईपर्यंत सगळे थांबतात."

"तेच ना," ती म्हणाली.

मला कळलं नाही. ती खुर्चीवर बसली. तिनं पिशवीतून आत्यांचा कागद काढला, पहिल्या प्रश्नाची खूण खोडली. दोन गुणांच्या जागी शून्य लिहिलं. बेरीज नवावरून सातावर आली.

"हे दोन गुण तुम्ही दिले होते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र तिचा असा राग आला, की मी उठून बाहेर निघून गेले.

आत्या मागच्या ओसरीत लसूण सोलत बसल्या होत्या. स्वयंपाकघरातलं काही ना काही काम मागून घेतल्याशिवाय त्यांचा दिवस जायचा नाही. मी शेजारी बसले. एक गड्डा उचलला.

"आत्या, खरं सांगा. तुम्हाला भूक लागते?"

त्यांचे हात थांबले नाहीत. "लागती की."

"कधी?"

"उठल्याव. मग दुपारच्याला. सांजंच्याला जरा जास्त."

"मग चतकोरावर हात का धरता?"

त्यांनी पाकळीवरचं साल फुंकून उडवलं. मग पुढची पाकळी उचलली.

"तोंड वाकडं झालं त्या टायमाला एकदा लई येळ लागला मला. अर्धी भाकरी घेतलेली. समदी हात वाळवत बसली. कुणाला गोळी घ्यायची हुती, कुणाला लघवीला जायचं हुतं. मग आप्पा म्हणले, गाडी फलाटाला लागलीया, येक पाशिंजर बाकी हाय. समदी हासली."

मला ते आठवलं. आप्पा कणसे एस.टी.त कंट्रोलर होते, त्यांचे विनोद सगळे गाडीचे. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या. आणि मला हेही आठवलं की, मीसुद्धा हसले होते.

"तवापास्नं म्या जेवढं समद्यांसंगं उरकंल तेवढंच घेती. पानात टाकायचं न्हाई, न् लोकास्नी खोळंबायला लावायचं न्हाई. दोन्ही जमाय पायजे."

"मला सांगायचं ना!"

"तुला काय सांगू?" त्या पहिल्यांदाच माझ्याकडं वळल्या. "पंगत तुजी हाय. मोठमोठी मानसं येऊन बघून जात्यात. सासूच म्हणाली मला न्हाई जमत, तर बाकीची तुजं कशाला ऐकत्याल?"

हातातला लसूण तसाच राहिला. बाई वर्षभर भुकेली राहिली आणि ती माझ्या नावासाठी. माझा नियम मोडू नये म्हणून ती रोज दोनदा माझ्या डोळ्यांदेखत अर्धपोटी उठत होती, आणि मी तिच्या रिकाम्या ताटाकडं बघून खूश होत होते.

तरी मी मीच. मला वाटलं, नियम मी केलाय, मीच मोडते, प्रश्न संपला. मंगळवारीही रोहिणी आली होती. श्लोकाच्या आधी मी घंटा वाजवली आणि जाहीर केलं, "आजपासून ज्याचं झालं त्यानं उठावं. कुणासाठी थांबायचं कारण नाही." गजराबाईला बजावलं, आत्यांना अख्खी भाकरी नको, पण अर्धी घालायचीच. आत्यांनी हात आडवा धरला, तो मी स्वतः बाजूला केला.

वीस मिनिटं झाली. सगळ्यांची जेवणं उरकली. आणि कुणीही उठलं नाही.

"आप्पा, उठा ना," मी म्हणाले.

"बाईमानूस जेवतंय न् आम्ही उठून जायाचं?" आप्पा हात वाळवत म्हणाले. "असलं शिकवलेलं न्हाई आमाला कुणी, ताई. तुमीच तर सांगितलंया, समद्यांनी संगं उठायचं. बसतो आमी. आत्या, चालू द्या तुमचं निवांत."

निवांत! बेचाळीस जण हात वाळवत, माना वळवून, अगदी मायेनं आत्यांकडं बघत बसले. पंचवीस मिनिटं, तीस मिनिटं. मी पुन्हा सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. चार वर्षं मीच पढवलेलं एका घंटेनं पुसलं जाणार होतं थोडंच! आत्यांचे डोळे ताटावर खिळले होते. घास भराभर आत जाऊ लागले. चाळीसदा सोडा, दहादासुद्धा चावणं होत नव्हतं. आणि मग जे व्हायचं तेच झालं. घास अडकला, जोरात ठसका लागला. तोंड लाल, मग काळंनिळं. सगळ्यांत आधी आप्पाच धावले. त्यांनी आणि रोहिणीनं आत्यांना पुढं वाकवलं, पाठीत थापट्या मारल्या. एक घास बाहेर पडला. श्वास आला.

आत्यांनी श्वास घेतल्याबरोबर काय केलं असेल? पदरानं टेबल पुसलं. आणि म्हणाल्या, "उठा आता समदी. झालं माजं." ताटात चतकोर भाकरी उरली होती. आत्यांनी पानात टाकलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी त्या जेवायलाच आल्या नाहीत. पोट भरलंय म्हणाल्या.

मी स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले. माझी अक्कल संपली होती. गजराबाई भांडी आवरत होती. तिनं माझ्याकडं न बघताच विचारलं, "आत्यास्नी आमच्यात का बसवत न्हाई?"

"तुमच्यात म्हणजे?"

"आमी बाया मागनं जेवतो की. समद्यांचं झाल्याव, हितं. दोन-दोन वाजंस्तोवर चालतंय आमचं."

"मागून?" मी उसळले. "जन्मभर मागूनच जेवल्या त्या! आता म्हातारपणी तरी पहिल्या पंगतीचा मान—"

"मान ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," गजराबाई म्हणाली. "त्येंच्या पोटाचं बघा."

अशी ती तोंडाची फटकळ. पण पुढची सगळी व्यवस्था त्या एका बोलण्यावर उभी राहिली. रोहिणीच्या यादीतल्या चौदा जणांपैकी आत्यांखेरीज आठ जण नुसते हळू जेवणारे निघाले. कुणाची कवळी बोचायची, कुणाचा हात थरथरायचा, आणि सगळे जण पंगतीच्या वेळात उरकेल एवढंच वाढून घेत होते. महिन्याभरात स्वयंपाकघरातली मागची पंगत नऊ जणांची झाली. काटा दुरुस्त करून आणला आणि दर पहिल्या बुधवारी वजनं घ्यायला लागलो. आत्या पुढं सहा वर्षं जगल्या. चौतिसाच्या एक्केचाळीस झाल्या. पण हे सगळं नंतरचं. त्या मंगळवारनंतरच्या बुधवारचं सांगायचं राहिलं.

बुधवारी दुपारी पहिली पंगत उठल्यावर, एक वाजता, मी आत्यांना स्वयंपाकघरात घेऊन आले. त्यांना वाटलं, लसूण सोलायचा असेल. गजराबाई आणि तिच्या हाताखालच्या दोघी जमिनीवर गोल करून बसल्या होत्या. आत्यांना गुडघ्यांमुळं खाली बसवत नाही, म्हणून भिंतीशी एक बुटकं स्टूल ठेवलं होतं. मी त्यांच्या शेजारी पाट मांडला आणि दोन ताटं वाढून घेतली.

"तू?" आत्या म्हणाल्या. "तू हितं जेवणार?"

"मग कुठं जेवू?"

मी रोज ऑफिसात जेवायची. एका हातानं फोन, एका हातानं घास, पाच मिनिटांत. त्या चार वर्षांत मी आश्रमात कुणाच्याच शेजारी बसून जेवले नव्हते. आत्यांच्यासुद्धा नाही. एकट्यानं कुणी जेवायचं नाही, असं सगळ्यांना शिकवणारी बाई एकटी जेवत होती आणि हे माझ्या त्या दिवसापर्यंत लक्षातही आलं नव्हतं.

आत्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, वाटीतल्या आमटीत कुस्करला. पंगतीत त्या असं कधी करत नसत, बरं दिसत नाही म्हणून. इथं कोण बघतंय? गजराबाईची शेळी शेजाऱ्याच्या परड्यात घुसली होती, त्याची हकिगत चालू झाली. शेजारी काय म्हणाला, त्यावर ही काय म्हणाली, मग शेळीनं काय केलं. मधेच आत्यांनी विचारलं, "गाभण हाय का?" आणि हकिगत तिथून दुसऱ्याच दिशेला गेली. घास तोंडात असताना आत्या नुसत्या मान हलवायच्या. चावत राहायच्या. कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. मी घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी एकदा पाहिलं. पावणेदोन.

माझं कधीच झालं होतं. हात वाळून खरखरीत झाला होता. हाताखालच्या एका बाईनं उठून ताट धुतलं आणि परत येऊन बसली. आत्यांची अर्धी भाकरी संपली. वाटी त्यांनी बोटानं पुसून घेतली. मला वाटलं, आता म्हणतील, झालं माझं.

"गजरे," आत्या म्हणाल्या, "आजून हाय का गं चतकोर?"

गजराबाईनं दुरडीवरचं फडकं बाजूला केलं. दुरडी रिकामी होती. मी आत्यांकडं पाहिलं आणि मला रडू फुटलं. दोन वर्षांत या बाईनं पहिल्यांदा स्वतःच्या पोटासाठी काही मागितलं होतं, आणि नेमकी भाकरी संपली होती. मी डोळे पुसत म्हणाले, "आत्या, थांबा, माझ्या ऑफिसात बिस्किटं..."

"बिस्कुट कशाला?" गजराबाई उठलीच होती. तिनं परातीत पीठ घेतलं, तवा गॅसवर चढवला. "पाच मिंटं लागत्याल, आत्या."

"लागू देत. थांबती की म्या," आत्या म्हणाल्या आणि स्टुलावर पाठ भिंतीला टेकून बसल्या. मग त्यांनी माझ्या वाळलेल्या हाताकडं पाहिलं. "न् ही बी थांबंल. तिला कुटं जायाचंय?"